चाकांच्या घराची हिवाळी राखण

बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, निकोलस इनास रुमाव, वय वर्षे सहासष्ट, धंदा सुतारकाम, राहणार मौजे होळी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी ठिकाणावर नाही, आणि म्हणूनच घाई. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. आता लाडीगोडी लावायला घरात कोणी उरलेले नाही.

सन १९५२ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते या कागदाने रद्द समजावे. त्यात कायद्याची चूक नव्हती. पण त्यात एक वाक्य असे होते की "माझ्या ताब्यातील घरमोटार मला केलेल्या सेवेबद्दल बक्षीस मिळालेली आहे." ते वाक्य खोटे आहे. ते खोटे ठेवून मला मातीत जायचे नाही.

मी सांगतो आहे आणि ऑगस्टीन मास्तर लिहीत आहेत. मास्तरांनी मला दोनदा विचारले, "निकोलस, एवढं सगळं कशाला? कोर्टाला फक्त मिळकत लागते." मी म्हटले, मास्तर, ती कशी आली ते सांगितल्याशिवाय ती कोणाला द्यायची हे मला सांगता येत नाही. तेव्हा त्यांनी दौतीत टाक बुडवला.

कलम पहिले. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पडवी, मागची विहीर व रहाट, आणि लगतची केळीची व पानवेलीची वाडी, हे सर्व माझी एकुलती मुलगी उर्सुला हिला द्यावे. ती श्री. फ्रेडरिक अँथनी तुस्कानो यांची पत्नी असून निर्मळ येथे राहते. "तुमचं घर मला नको, बाबा," असे तिने मला तोंडावर सांगितले आहे. तरी मी लिहून ठेवतो. नको म्हणायचा तिला हक्क आहे, तसा द्यायचा मला आहे. पोस्टात जे काही आहे त्यातून माझ्या दफनाचा खर्च करावा. उरेल त्याचे काय करायचे ते नवव्या कलमात आहे.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे चार रंधे, पटाश्या, वाकस, किकरे, सामता, गुण्या आणि दोन्ही करवती, श्रीपत महादू म्हात्रे, राहणार जूचंद्र, यांना द्यावीत. गेली अकरा वर्षे दर जानेवारीत श्रीपत दोन दिवस माझ्याकडे येतो आणि घरमोटारीचे छत रंगवायला हात लावतो. मी काम टाकून मध्येच उठून गाडीच्या दाराशी जातो, आत डोकावतो आणि परत येतो, हे त्याने दर वर्षी पाहिले. एकदाच म्हणाला, "मिस्त्री, पानी पिऊन घ्या जरा." कारण विचारले नाही. असा माणूस हत्यारे नीट ठेवील. मोठ्या रंध्याचे पाते डावीकडे किंचित उतरते आहे, ते त्याला माहीत आहे.

कलम तिसरे. माझे शेजारी व दूरचे भाऊबंद प्लासिड रुमाव यांच्याशी माझे चौदा वर्षे बोलणे नाही. १९४३ साली त्यांनी माझ्या वाडीची रस्त्याकडची वाट काटे टाकून बंद केली, आणि पुढच्या वर्षी निर्मळला जाऊन नको ती गोष्ट सांगितली. मागच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की प्लासिडने माझ्या मयताला येऊ नये. ते मी आज खोडतो. प्लासिडने जे सांगितले ते खरेच होते. ते खोटे आहे असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी यावे. त्यांनी १९३८ साली नेलेली माझी शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. फक्त ती माझी आहे हे इथे नमूद करून ठेवतो.

कलम चौथे. आता घरमोटार.

सन १९२७ साली मी भायखळ्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या बॉड्या बांधायच्या कामावर होतो. मुंबईचे डॉक्टर वासुदेव मोरोजी विजयकर यांनी परदेशात चाकांवरचे घर पाहिले होते. त्यांनी एका लॉरीचा सांगाडा विकत घेतला आणि माझ्यापुढे आणून उभा केला. म्हणाले, "मिस्त्री, यावर मला घर बांधून द्या. बायकोला चूल लागेल, मला पुस्तकांना फळी लागेल." पाच महिने मी त्यावर होतो. भिंती सगळ्या बर्मी सागाच्या, स्क्रू पितळेचे, छत किंतानाच्या जाड कापडाचे. आत झोपायच्या दोन रुंद फळ्या, मिटता येणारे टेबल, पाण्याची टाकी. आणि सगळ्यात मागे, खिडकीखाली, एक छोटी फळी त्यांच्या मोठ्या मुलीसाठी. मनोरमा तेव्हा आठ वर्षांची होती. माप द्यायला ती कारखान्यात आली आणि भुशाने भरलेल्या जमिनीवर सरळ आडवी झाली. मी खडूने तिच्या भोवती रेघ मारली. ती उठली, रेघेकडे पाहून म्हणाली, "मी एवढीच आहे?" तिच्या आईने फ्रॉकचा भुसा झटकला आणि आम्ही सगळे हसलो.

त्या गाडीतून ते लोक दर उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात, कधी त्र्यंबकला. मग लढाई आली, पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागले, आणि मुंबईत गाडी ठेवायला जागा नव्हती. मी तोवर कारखाना सोडून गावी आलो होतो. १९४१ च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी गाडी रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर घालून पाठवली. स्टेशनपासून होळीपर्यंत चार बैल लावून आणली. माझ्या पडवीपासून वीस पावलांवर, चिंचेखाली, ती उभी राहिली. ती अजून तिथेच आहे.

१९४३ च्या ऑक्टोबरात डॉक्टर स्वतः आले. पडवीत बसले, पाणी प्याले आणि खाली बघत बोलले. मनोरमाला क्षय झाला होता. सासरच्यांनी कळल्याबरोबर तिला माहेरी आणून सोडले होते. "मुंबईची हवा तिला सोसत नाही, मिस्त्री. तुमच्याकडची हिवाळ्याची हवा कोरडी. गाडी इथं आहेच. शिमग्यापर्यंत तिला इथं राहू द्या."

माझी बायको तेरेसा दाराआड उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "आपली पोर लग्नाची आहे. लोक काय म्हणतील?" पण दुसऱ्या दिवशी तिनेच गाडीच्या खिडक्यांना पडदे शिवले. आणि मी मागची ती छोटी फळी सोडवून चौदा इंचांनी लांब केली, कारण मनोरमाबाईंनी हट्ट धरला की झोपेन तर तिथेच.

त्या दोन हिवाळे राहिल्या. पावसाळ्यात मुंबईला गेल्या आणि १९४४ च्या नोव्हेंबरात परत आल्या, पहिल्यापेक्षा अर्ध्या होऊन. मी त्यांना मनूताई म्हणे. आमच्यात एक खूण ठरली होती. त्यांनी पितळी फुलपात्राने भिंतीच्या फळीवर एक ठोका दिला तर पाणी किंवा जेवण. तीन ठोके दिले तर असेल तसे निघून यायचे. दोन हिवाळ्यांत तीन ठोके त्यांनी एकदाही दिले नव्हते. माणूस फार भिडस्त.

कलम पाचवे. ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याने हिवाळ्यात पुढीलप्रमाणे राखण करावी. पावसाळ्यात या गाडीला काही करता येत नाही. पावसाने केलेले सगळे नुकसान दिवाळी ते शिमगा एवढ्या दिवसांत भरून काढावे लागते.

चाके जमिनीला टेकू देऊ नयेत. आसाखाली चार ओंडके आहेत, ते वाळवीसाठी तपासावेत. रेडिएटरमध्ये पाणी ठेवू नये. दर रविवारी देवळातून मिस्सा ऐकून आल्यावर इंजिनचे हँडल दहा वेळा फिरवावे. इंजिन चालू होणार नाही, पण आत जाम बसणार नाही. सकाळी बॉनेटच्या पत्र्यावर दहिवर साचते, ते ऊन चढण्याआधी कोरड्या फडक्याने पुसावे. खाऱ्या हवेचे दहिवर आहे, पत्रा खाते. दहा ते चार खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भाताची झोडणी झाली की उंदीर आसरा शोधत येतात. गादीखाली कडुनिंबाचा पाला घालावा आणि तो दर पंधरा दिवसांनी बदलावा. जानेवारीत छताच्या किंतानाला बेलतेल आणि सफेता यांच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. थंडीत साग आवळतो आणि सांधे उघडतात. त्यांत लुकण भरावे, पण ठासून भरू नये, कारण पावसात तेच लाकूड फुगून परत जागा मागते.

शेवटचे. थंडीत ते लाकूड वाजते. फळी आवळताना स्क्रूपाशी तडकन आवाज होतो, कधी एक, कधी लागोपाठ दोन-तीन. चाळीस वर्षांच्या सुतारकीने मी सांगतो की त्यात भिण्यासारखे काही नाही. तरीही तीन आवाज ऐकू आले तर हातातले काम टाकून उठावे, जावे आणि दार उघडून आत पाहून यावे. ही सूचना मी विचार करून लिहिली आहे.

कलम सहावे. ती का लिहिली ते सांगतो.

१९४४ च्या नाताळानंतरचा तिसरा दिवस, गुरुवार. उर्सुलाचे लग्न निर्मळच्या फ्रेडरिकशी ठरत आले होते. देवळात लग्नाच्या चिठ्ठ्या वाचून ते जाहीर करायच्या आधी मुलाकडची माणसे आमच्याकडे शेवटची बोलणी करायला जेवायला यायची होती. त्याच आठवड्यात प्लासिड निर्मळला जाऊन आला होता. फ्रेडरिकचे वडील अँथनीशेठ यांचा निरोप आला: "तुमच्या वाडीत क्षयाचं माणूस आहे असं ऐकतो. खरं असेल तर आम्हाला विचार करावा लागेल." मी उलट निरोप धाडला की वाडीत एक रिकामी गाडी आहे, येऊन डोळ्यांनी पाहा.

सकाळी मी गाडीत गेलो. मनूताई उठून बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक होते. मी पडद्याची दोरी चाचपत राहिलो. त्यांनीच विचारले, "आज पाहुणे ना? उर्सुलाचे?"

मी म्हटले, "हो. मनूताई, एक विनंती होती. पडदे लावून घेतो. दुपारी तीनपर्यंत आवाज..."

त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही. "मी नाहीच, मिस्त्री. तीनपर्यंत मी नाहीच." आणि हसल्या. "उर्सुलाला सांगा, केसांत शेवंती घाल म्हणावं."

मी पडदे लावले. बाहेरून कडी घातली आणि वर कुलूप लावले, रिकामी गाडी दिसावी म्हणून. हे कुलूप मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. मास्तरांचा हात इथे थांबला होता. मी म्हटले, लिहा.

अकरा वाजता सहा माणसे आली. अँथनीशेठ गाडीला एक फेरी मारून आले, कुलूप पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. साडेबाराला पडवीत पाने मांडली. तेरेसा चुलीपाशी मैद्याचे फुगे तळत होती. उर्सुला आतल्या खोलीत मावशीकडून वेणी घालून घेत होती, तिथे बाहेरचे काही ऐकू जात नाही. गप्पा चालल्या होत्या. आणि मला ठोके ऐकू आले. तीन. फुलपात्राचे.

मी भात वाढत होतो. हात तसाच राहिला. तेरेसाने चुलीपासून मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग परत तीन, आधीपेक्षा हळू.

अँथनीशेठनी विचारले, "हे काय वाजतंय?"

मी म्हणालो, "सागाचं लाकूड आहे. थंडीत आवळतं, मग असं वाजतं."

"सुताराच्या घरी लाकूडसुद्धा बोलतं," ते म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. मी त्यांच्या पानात भात वाढला. तिसऱ्यांदा आला तो एकच ठोका. नंतर काही नाही.

माणसे पावणेतीनला गेली. चिठ्ठ्या वाचायची तारीख नक्की करून गेली. मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवले, कारण न पोचवता परत फिरलो असतो तर त्यांना वाटले असते काय झाले. मग येऊन कुलूप काढले.

मनूताईंना रक्ताची उलटी झाली होती. त्या मागच्या फळीवर कुशीवर होत्या आणि उशी दोन्ही हातांनी तोंडाशी घट्ट धरलेली होती. खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला दिलेला शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. अंग अजून कोमट होते.

मी ती उशी जाळली. तेरेसाने त्यांना स्वच्छ केले, नवे लुगडे नेसवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी सांगितले की मनूताई झोपेतच गेल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. पुढच्या महिन्यात त्यांचे पत्र आले: "तुम्ही माझ्या मुलीला घरच्यासारखे सांभाळलेत. ती गाडी आता मला पाहवणार नाही. ती तुमची समजा." सोबत मालकीचे कागद होते. ते मी परत पाठवू शकलो असतो. पण परत पाठवायला कारण लिहावे लागले असते.

उर्सुलाचे लग्न जानेवारीत झाले. फ्रेडरिक चांगला निघाला. देवाने तिला तीन मुले दिली. तिचे हसणे ऐकून मी सुखी व्हायचो, आणि त्याच क्षणी ते सुख कशावर उभे आहे ते आठवायचे.

कलम सातवे. १९४५ च्या डिसेंबरात, सकाळी दहाच्या सुमारास, मी पडवीत एका खिडकीची चौकट रंधत होतो. ऊन स्वच्छ होते. तीन ठोके आले.

मी धावत गेलो. दार उघडले. आत कडुनिंबाचा वास, बाकी काही नाही. मी प्रत्येक फळी तपासली. खिडकीखालची एक फळी स्क्रूपाशी बारीक तडकली होती. कारण सापडले. मी लुकण भरले. चार दिवसांनी दुसऱ्या भिंतीची फळी वाजली. तिचेही कारण सापडले. दर वेळी कारण सापडते. अँथनीशेठना मी सांगितले होते ते सुतारकीच्या दृष्टीने अगदी खरे होते, आणि त्यामुळेच मला सुटका नाही. लाकूड वाजले की ते लाकूड आहे हे मला कळते, पण त्या दिवशी ते लाकूड नव्हते हेही मला कळत होते. दोन्ही आवाज आता माझ्या कानाला सारखेच लागतात. म्हणून मी दर वेळी उठतो. जेवणावरून उठलो आहे. पाहुण्यांतून उठलो आहे. लोक म्हणतात, निकोलसला गाडीचे वेड लागले.

१९५१ च्या जानेवारीत तेरेसा शेवटच्या दुखण्यात होती. दुपारची वेळ, मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिचा हात माझ्या हातात होता. ठोके आले. सहा वर्षांत आम्ही दोघे त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. तिने डोळे उघडले.

"ऐकलं का?" ती म्हणाली.

मी म्हटले, "लाकूड आहे."

"मला नको सांगू लाकूड," ती म्हणाली. "जा. आता तरी जा."

मी तिचा हात सोडला आणि गेलो. दार उघडले, आत पाहिले. परत आलो तेव्हा तेरेसा गेली होती.

कलम आठवे. गेल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, छातीत पहिली कळ आली तेव्हा मी फादरांकडे पापनिवेदन केले. बारा वर्षे मी हे पाप सोडून बाकीची सगळी सांगत आलो होतो. फादरांनी क्षमाविधी केला, मग जाळीपलीकडून विचारले, "देवाकडे आलात, चांगलं केलंत. ज्यांची मुलगी होती त्यांच्याकडे गेलात का?"

नाताळ झाल्यावर मी मुंबईला गेलो. डॉक्टर आता एकटेच एका खोलीत राहतात, नजर कमी झाली आहे. मी गाडीच्या मालकीचे कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. कुलूप, भात, उशी, सगळे.

त्यांनी कागदांवरून हात फिरवला. मग विचारले, "किती वेळा वाजवलं तिनं?"

"दोनदा तीन-तीन. मग एक."

"शेवटी एकच?"

"एकच."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मी तिला तुमच्याकडे का ठेवली, तुम्ही कधी विचारलं नाहीत. हवेसाठी नाही, मिस्त्री. वसईची हवा दमट आहे, हे मी डॉक्टर असून मला कळत नव्हतं? तिच्या पाठच्या दोघी बहिणींना स्थळं येत होती. घरात क्षयाचं माणूस असल्यावर कोण उभं करणार? तिला आधी मी लपवली. तुम्ही नंतर."

मी खाली बसलो. मला वाटले आता ते क्षमा करतील. त्यांनी केली नाही. मला म्हणाले, "मी तुम्हाला क्षमा करणार नाही. मला स्वतःला करता आलेली नाही, तुम्हाला कुठून देऊ?" कागद त्यांनी माझ्याकडे परत सरकवले. "आणि ती गाडी अशी देव्हाऱ्यासारखी पुसून रिकामी ठेवू नका. आता या रोगाला औषध आहे. माणसं बरी होतात. फक्त त्यांना राहायला कोणी जागा देत नाही."

कलम नववे. पाचूबंदरच्या रोझलीन नावाच्या मुलीला, वय तेवीस, जानेवारीच्या मध्यापासून मी घरमोटारीत ठेवले आहे. नवरा पांडू होडीवर असतो. तिने त्याच्याशी लग्न केले म्हणून माहेर तुटले होते, आजार झाल्यावर सासरनेही हात वर केले. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने चालू आहेत; कंपाउंडर सायकलवरून येऊन देऊन जातो. कोणते औषध किती, ते डॉक्टर विजयकरांनी स्वतः लिहून पाठवले. पोस्टातली उरलेली रक्कम या औषधासाठी आणि रोझलीननंतर जे कोणी येईल त्याच्या औषधासाठी वापरावी.

ही पोरगी भिडस्त नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काका, पानी गरम पायजे, आनि हे पडदे काढा, मला कोंडल्यावानी होते." मी पडदे काढले. दाराची कडी मी आधीच उचकटून विहिरीत टाकली होती. मी तिला बजावले आहे की खोकला आला तर मोठ्याने खोकायचे, रस्त्यावर ऐकू गेले तरी चालेल. रस्त्यावर ऐकू जाते. दोघा-तिघांनी माझ्याकडे येणे सोडले आहे.

कलम दहावे. उर्सुला.

डॉक्टरांकडून आलो त्याच रविवारी मी निर्मळला गेलो आणि मुलीला अंगणात बोलावून सगळे सांगितले. माझी समजूत अशी होती की ती रडेल, आणि म्हणेल, बाबा, माझ्यासाठी तुम्ही केवढे ओझे वाहिलेत. ती रडली नाही. तिचा चेहरा पांढरा झाला.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मला विचारलंत? मी आत वेणी घालत होते, वीस पावलांवर. एक हाक मारायची होती. मी पाहुण्यांच्या पानांवरून उडी मारून गेले असते."

मी म्हटले, "लग्न मोडलं असतं, बाळ."

"मोडलं असतं. आणि त्या जगल्या असत्या किंवा मेल्या असत्या, पण कोणाचा तरी हात धरून मेल्या असत्या. त्या माझ्या केसांचं सांगत होत्या, आणि तुम्ही त्यांना कुलूप घातलंत. आता मी माझ्या पोरांकडे कशी बघू? माझं सगळं त्या दिवसातून निघालंय. तुमचं घर मला नको, बाबा."

तिने ही गोष्ट नवऱ्याला सांगितली आणि सासऱ्यांनाही, जेवायला वाढता वाढता. अँथनीशेठ आता थकले आहेत. ऐकून ते पानावरून उठले, असे फ्रेडरिक मला सांगून गेला.

चार आठवडे ती आली नाही. मग परवा, रविवारी, आली. माझ्या पडवीवरून सरळ पुढे गेली. घरमोटारीच्या पायरीवर उभी राहून तिने आत पाहिले, थोरल्या मुलीला बाहेर चिंचेखाली बसवले, आणि स्वतः आत गेली. काल परत आली. आज सकाळी फ्रेडरिककरवी निरोप आला की घर कोणाला द्यायचे ते द्या, गाडीची राखण मात्र तिच्या नावावर लिहा.

म्हणून मी लिहितो की घरमोटार, तिचे सर्व सामान व कागदांसह, माझ्यामागे उर्सुलाच्या मालकीची राहील. ती विकू नये, भंगारवाल्याला देऊ नये, आणि ज्याला आजारामुळे कोणी दारात उभे करीत नाही अशा माणसाला दर हिवाळ्यात तिथे राहू द्यावे. राखणीच्या सूचना पाचव्या कलमात आहेत. त्यातली शेवटची पाळायची की नाही ते तिने ठरवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. ऑगस्टीन मास्तर यांनी करावी.

ती अजून माझ्याशी बोलत नाही. मी तशी अटही घालत नाही. आत्ता, मास्तर हे लिहीत असताना, ती गाडीत आहे. पेजेचे भांडे घेऊन आली, त्याला अर्धा तास होऊन गेला. कशावरून तरी दोघींचा वाद चालला आहे, बहुतेक मिठावरून. रोझलीन मोठ्याने बोलते, उर्सुला तिच्याहून मोठ्याने. शब्द मला इथे कळत नाहीत. मास्तरांनी विचारले, आणखी काही लिहायचे आहे का. मी म्हटले, नाही, पण जरा थांबा, सही करायच्या आधी मला हे ऐकू द्या.

वरील मजकूर मास्तरांनी मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. खाली सही माझी आहे.

निकोलस इनास रुमाव

स्थळ: मौजे होळी, वसई
तारीख: १२ फेब्रुवारी १९५७, मंगळवार

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष सही झाली व ज्यांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
१. लॉरेन्स बस्त्याव डाबरे, शेतकरी, होळी
२. प्लासिड मिंगेल रुमाव, शेजारी, होळी. मजकूर पूर्ण ऐकला. शिडी आणून पडवीला लावून ठेवली आहे.

लेखक: ऑगस्टीन पास्कोल लोपीस, शिक्षक